पडद्यापलीकडच्या समुपदेशकाला जबाबदार कोण धरणार?

वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद झालेला माणूस आजारी नसतो. बारावीतल्या मुलाशी रोज संध्याकाळी खटके उडणारी आई, निवृत्तीनंतर दिवस कसा ढकलायचा हे न सुचणारा कारकून, लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासरी अवघडून वावरणारी सून, स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांची रात्रंदिवस उस्तवार करून चिडचिडी झालेली मुलगी, यांपैकी कोणालाही आपण रुग्ण म्हणणार नाही आणि म्हणूही नये. पण त्यांची झोप उडालेली असते, जेवण जात नाही, कामात चित्त लागत नाही. आणि हे सगळं सांगायचं कोणाला, हा प्रश्न असतो. गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर, अशा माणसांपुढे एक नवा रस्ता खुला झाला आहे. मोबाइलवर वेळ ठरवायची, पैसे भरायचे आणि पुण्यातल्या, बंगळुरूतल्या किंवा आणखी कुठल्या शहरातल्या समुपदेशकाशी पाऊण तास बोलायचं.

यावर आपल्याकडे जो वाद झडतो तो बहुतेक वेळा पडद्याभोवतीच फिरतो. समोरासमोर बसल्याशिवाय मन मोकळं होतं का, अनोळखी माणसाला स्क्रीनवर घरातलं कसं सांगायचं, वगैरे. मला हा वाद आता मागे टाकावासा वाटतो. पडद्यावरून मदत होते, यावर शंका घेण्याचं फारसं कारण उरलेलं नाही. विचारायला हवं ते वेगळंच. पलीकडे बसलेला माणूस कोण आहे, त्याच्या कामावर कोणाची नजर आहे आणि त्याच्या हातून नुकसान झालं तर दाद कोणाकडे मागायची? आज याला धड उत्तर नाही, आणि ते मिळवणं ही एकेकट्या ग्राहकाच्या हुशारीवर सोडण्याची गोष्ट नाही.

पण त्याआधी, या रोजच्या दुखण्यांना मदतीची गरजच काय, असं मानणाऱ्यांशी बोललं पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांपैकी २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रात झाल्या. देशभरातल्या नोंदींमध्ये सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं कारण 'कौटुंबिक समस्या' हे होतं, ३१.७ टक्के. पोलिसांच्या पंचनाम्यातलं कारण हे अर्धवटच असतं. कोणीही माणूस एका कारणाने जीव देत नाही. तरीही, ज्याला आपण 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणून बाजूला सारतो, त्या भांडणांचं आणि अबोल्यांचं ओझं किती असू शकतं, हे या आकड्यातून दिसतं. त्या टोकाला पोहोचण्याच्या किती तरी आधी, साध्या बोलण्याने सुटणाऱ्या गाठी असतात. त्या वेळी मदत मिळणं ही चैन नव्हे.

आमच्या वेळी मामा होते, आत्या होती, शेजारच्या काकू होत्या, असं अनेकजण मनापासून सांगतात. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण वाटणीच्या भांडणात मामा हा एका बाजूचा पक्षकार असतो. सुनेने आत्यासासूपाशी मन मोकळं केलं तर ते दोन दिवसांत सासूच्या कानावर जातं. जवळच्या माणसाचं प्रेम असतं, पण त्या घरातल्या निकालात त्याचा हितसंबंधही असतो. ज्याला आपल्या घरातलं कोणीच लागत नाही, जो ऐकून कोणाला सांगणार नाही आणि जो 'तू थोडं नमतं घे' हा सल्ला पहिल्या पाच मिनिटांत देणार नाही, असा माणूस नात्यागोत्यात सापडणं कठीण. म्हणून परक्याची गरज लागते.

तालुक्याच्या गावी ही गरज भागवणं आणखी अवघड. मानसोपचारतज्ज्ञाची पाटी असलेल्या इमारतीखाली स्वतःची मोटारसायकल लावायची लोकांना भीती वाटते, कारण गाडीचा नंबर गावाला पाठ असतो. मुळात तशी पाटीच अनेक तालुक्यांत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं आढळलं, की देशातल्या दहापैकी एका प्रौढाला, नेमकं सांगायचं तर १०.६ टक्के लोकांना, त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आणि हे आकडे निदान होऊ शकेल अशा आजारांचे आहेत. वाटणीतला भाऊ आणि अवघडलेली सून त्यात मोजलेले नाहीत. जिथे आजारालाच माणूस मिळत नाही, तिथे दुःखाला कुठून मिळणार? मोबाइलवरचा समुपदेशक ही पोकळी भरतो आहे, हे मान्य करायला हवं.

तो ती कितपत भरतो? स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इंटरनेटवरून सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, देण्याचे प्रयोग झाले. त्यानंतर अनेक देशांत झालेल्या अभ्यासांचा निष्कर्ष साधारण असा आहे, की सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चिंतेसाठी, सोबतीला प्रशिक्षित मार्गदर्शक असेल तर ही पद्धत प्रत्यक्ष भेटीइतकीच उपयोगी पडते. नुसतंच अ‍ॅप हातात दिलं, तर लोक मधेच सोडून देतात आणि गुणही कमी येतो. म्हणजे काम माणूस करतो. तार कुठली वापरली याला दुय्यम महत्त्व आहे.

या कामाचं स्वरूप बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही, म्हणून थोडं सांगतो. समजा, भाऊ बोलत नाही म्हणून एकजण सेशनला बसला. समुपदेशक भावाबद्दल निकाल देत नाही. 'त्याने असं वागायलाच नको होतं' या वाक्यापाशी तो थांबतो. त्याने तसं वागू नये अशी इच्छा असणं वेगळं आणि जगाने माझी ती इच्छा पाळावी हा हट्ट वेगळा, हे तो हळूहळू उलगडून दाखवतो. इच्छा मोडली की वाईट वाटतं. हट्ट मोडला की माणूस वर्षानुवर्षं जळत राहतो. मग पुढच्या आठवड्यासाठी गृहपाठ ठरतो. राग आला की त्या क्षणी मनात आलेलं वाक्य वहीत लिहायचं, आणि दिवाळीला भावाच्या घरी एक फोन करायचा, तो उचलो न उचलो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही विवेकनिष्ठ उपचारपद्धत महाराष्ट्राला नवी नाही. कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसांपर्यंत आणण्यासाठी अनेक दशकं काम केलं, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्थेने तिला घराघरात ओळख दिली. मराठी माणसाला विवेकाची भाषा परकी नाही. म्हणूनच चांगलं समुपदेशन आपल्याकडे रुजू शकतं, असा माझा विश्वास आहे. वडिलांच्या दीर्घ आजारपणात मी स्वतः काही महिने अशी मदत घेतली आणि तिचा मला उपयोग झाला, हेही इथे सांगायला हवं, कारण त्या अनुभवाशिवाय हा लेख मी लिहिला नसता.

मात्र या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते गोव्याचं उदाहरण. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची सेवा, दुसऱ्याला तिच्याबरोबरच सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. भेटी घेणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. स्थानिक माणसं निवडून त्यांना एका नेमक्या पद्धतीचं प्रशिक्षण दिलेलं होतं. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३९ टक्के होतं, दुसऱ्यात ६४ टक्के.

या निकालाचा अर्थ 'समुपदेशन कोणीही करू शकतं' असा काढणं घातक ठरेल. त्या कार्यकर्त्यांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण होत असे. ती मुद्रणं ठरावीक बैठकांमध्ये ऐकली जात, सहकारी एकमेकांच्या कामाला ठरलेल्या निकषांवर गुण देत आणि मागे तज्ज्ञ उभे असत. प्रत्येक माणूस कुणाला तरी उत्तर देत होता. या क्षेत्रातले लोक याला सुपरव्हिजन म्हणतात, आणि माझ्या मते चांगलं समुपदेशन आणि गप्पा यांच्यात हाच फरक आहे. भिंतीवरची पदवी त्याची जागा घेऊ शकत नाही. मानसशास्त्रात एम.ए. करून थेट अ‍ॅपवर बसलेला, दिवसाला सात-आठ सेशन घेणारा आणि ज्याचं काम कधीच कोणी तपासत नाही असा तरुण समुपदेशक, आणि गोव्यातला तो देखरेखीखालचा स्थानिक कार्यकर्ता, यांत निवड करायची झाली तर मी दुसऱ्याकडे जाईन.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. चिकित्सालयीन (क्लिनिकल) मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, त्यामुळे त्यांच्यावर वैद्यकीय परिषदेचं नियंत्रण असतं, आणि २५ मार्च २०२० रोजी आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं त्यांना लागू आहेत. समुपदेशक या दोन्हींच्या बाहेर उभा आहे. चार आठवड्यांचं प्रमाणपत्र घेऊन कोणीही स्वतःला समुपदेशक, थेरपिस्ट, लाइफ कोच म्हणवू शकतो, आणि ते थांबवणारी यंत्रणा आज व्यवहारात दिसत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा हा चांगला कायदा आहे. उपचाराचा हक्क, गोपनीयतेचा हक्क, शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा, हे सगळं त्यात आहे. पण त्याने मानसिक आजाराची व्याख्या विचार, भावना, स्मृती यांतल्या गंभीर बिघाडाभोवती बांधली आहे. त्या कायद्यासाठी ते योग्यच होतं. नाहीतर प्रत्येक दुःखावर आजाराचा शिक्का बसला असता. परिणाम मात्र असा, की वाटणीतला आपला भाऊ मदत घ्यायला गेला, तर त्या कायद्याचं छत्र त्याच्या डोक्यावर नीटसं येत नाही. विम्याचीही तीच गत. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाला येतात, आणि दर आठवड्याचं सेशन खिशातूनच जातं.

मग नुकसान झालं तर? पैसे मोजून घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आयोग भरपाई देईल. पण त्या समुपदेशकाला पुढच्या माणसासमोर बसण्यापासून तो रोखू शकत नाही. आणि या क्षेत्रातलं नुकसान सहज सिद्ध करण्यासारखंही नसतं. एखाद्या समुपदेशकाने स्वतःची धार्मिक मतं लादली, अशिलाला घटस्फोटाकडे किंवा घटस्फोटापासून दूर ढकललं, रात्री-अपरात्री खासगी मेसेज पाठवायला सुरुवात केली, ऐकलेलं दुसऱ्या कुणाला सांगितलं, तर त्याचा न्याय करायला व्यवसायातल्याच जाणकारांची परिषद लागते. वकिलांना, डॉक्टरांना ती आहे.

जी माहिती आपण आईलाही सांगत नाही, ती इथे एका कंपनीच्या सर्व्हरवरून जाते. या बाबतीत जगाने दोन धडे पाहिले आहेत. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या कंपनीकडची माहिती चोरीला गेली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ते उघडकीला आलं. चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली, मग थेट रुग्णांना ईमेल पाठवले, की पैसे द्या, नाहीतर तुमच्या सेशनच्या नोंदी जाहीर करतो. तीस हजारांहून अधिक लोकांच्या मनातलं त्याच्या हाती होतं. दुसरं प्रकरण अमेरिकेतल्या बेटरहेल्प या बड्या कंपनीचं. तिथे चोर कोणी नव्हता. लोकांनी गोपनीय समजून भरलेली आरोग्याची माहिती कंपनीने जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना पुरवली, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ठेवला आणि ७८ लाख डॉलर भरायला लावले. दोन्ही ठिकाणी कंपनीला जाब विचारणारं कोणीतरी होतं. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मनाच्या नोंदींच्या बाबतीत तो किती कठोरपणे वापरला जातो, यावर माझं लक्ष राहील.

एका गोष्टीची चर्चा फारच कमी होते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दवाखान्यात गेलं की तिथे एक खोली असते. दार लागतं, आवाज बाहेर जात नाही. ऑनलाइन सेशनमध्ये ही खोली आणण्याची जबाबदारी मदत मागणाऱ्यावर येते. आणि मराठी मध्यमवर्गीय घरात, दोन खोल्यांच्या घरात तर विशेषच, दार लावून बसणं हीच एक घटना असते. 'कोणाशी बोलत होतीस?' हा प्रश्न दार उघडताक्षणी येतो. लोक गच्चीवर जातात, सोसायटीच्या आवारात उभ्या केलेल्या गाडीत काचा वर करून बसतात, ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये जेवणाच्या सुट्टीत बोलतात. ज्या सासूबद्दल बोलायचं ती भिंतीपलीकडे भाजी निवडत असेल, तर सून काय बोलणार? ती हवापाण्याच्या गोष्टी करते, समुपदेशकाला वाटतं प्रगती चांगली आहे, आणि पाऊण तास संपतो. ज्या बायकांना या मदतीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच हातात स्वतःचा फोन नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच होता, आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. ग्रामपंचायत, सार्वजनिक वाचनालय, महाविद्यालय किंवा आरोग्य उपकेंद्रात एक बंद खोली, एक खुर्ची आणि बरं नेट असलेला संगणक ठेवला, तर ऑनलाइन समुपदेशनाचा अर्धा प्रश्न सुटेल असं मला वाटतं. त्यासाठी मोठी योजना लागत नाही. गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठरवलं तरी होण्याजोगं हे काम आहे.

पडद्यावर छातीच्या वरचाच माणूस दिसतो, थरथरणारे हात दिसत नाहीत, दारूचा वास येत नाही, हे खरंच आहे, आणि अनुभवी समुपदेशक ते विचारून भरून काढतात. पण अंतराचा एक धोका विचारून भागत नाही. समोरचा माणूस सेशनमध्ये जीव देण्याबद्दल बोलू लागला आणि समुपदेशक सहाशे किलोमीटरवर असला, तर त्याला त्या गावातलं रुग्णालय, तिथलं पोलीस ठाणं, घरातला विश्वासू माणूस यांतलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून जो समुपदेशक पहिल्याच भेटीत तुमचा पत्ता आणि अडीअडचणीला फोन करता येईल अशा एका माणसाचा क्रमांक मागत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेल्या 'विश्राम' या प्रकल्पात ही साखळी गावातच बांधलेली होती. आधी ओळखीचा गावकरी कार्यकर्ता, मग समुपदेशक, मग गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. त्या गावांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. कोणाला कधी वरच्या पायरीवर सोपवायचं हे ठरलेलं होतं, म्हणून ते शक्य झालं. अ‍ॅपवरच्या समुपदेशकाने तुम्हाला वरच्या पायरीवर सोपवलं, तर कंपनीचा एक ग्राहक कमी होतो.

आणि काही वेळा पायरी मनाच्या जिन्यावरची नसतेच. नवरा मारतो, ती बाई चिंताग्रस्त आहे म्हणून तिला श्वासाचे व्यायाम शिकवणं हा अन्याय आहे. तिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा, संरक्षण अधिकारी आणि १८१ हा क्रमांक सांगायला हवा. पगार तीन महिने थकलेल्या माणसाला, सावकाराचा तगादा लागलेल्या शेतकऱ्याला 'दृष्टिकोन बदला' म्हणणंही तसंच. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, या डाव्या विचारांच्या मित्रांच्या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एवढंच म्हणेन, की कर्ज फिटेपर्यंत माणसाने जगायला हवं, आणि अर्ज करायला, भांडायला, संघटनेत जायला डोकं थाऱ्यावर असावं लागतं. प्रामाणिक समुपदेशक मनातलं आणि परिस्थितीतलं वेगळं करून दाखवतो. त्यासाठी त्याला इथली परिस्थिती माहीत असावी लागते.

म्हणूनच भाषेचा आग्रह. मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीत होतं, मोठे प्लॅटफॉर्म इंग्रजीत चालतात, आणि मराठी येणारा समुपदेशकसुद्धा मोक्याच्या क्षणी इंग्रजीत शिरतो. माणूस मात्र रडतो, चिडतो तो घरच्या बोलीत. 'आई गेली तेव्हा मी रडलोच नाही' हे वाक्य सोलापूरकडच्या माणसाने त्याच्या बोलीत म्हटलं, की त्यातला अपराधीपणा ऐकणाऱ्याला आपोआप पोचतो. दिवस, तेरावं, पिंडाला कावळा शिवणं, यांचं स्पष्टीकरण द्यावं लागलं तर बोलण्याचा ओघच तुटतो. न्यू जर्सीत राहणारी मराठी माणसं पुण्यातल्या समुपदेशकाशी रात्री जागून बोलतात ती यासाठीच. तिथल्या राज्याचा परवाना त्या समुपदेशकाकडे नसतो, म्हणजे जबाबदारीची तिथली चोख व्यवस्था सोडून ती माणसं इथल्या मोकळ्या रानात येतात. भाषेसाठी लोक एवढं सोडायला तयार होतात.

हल्ली याच पोकळीत चॅटबॉट शिरला आहे. रात्री दोन वाजता तो जागा असतो, फुकट असतो, मराठीतही लिहितो. एकटेपणात कुणी त्याच्याशी बोलतं म्हणून मी त्या माणसाला नावं ठेवणार नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने कायदा करून उपचाराचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवायला मनाई केली, ते मला पटतं. चुकीचा सल्ला दिल्यावर ज्याला कोणासमोर उभं करता येत नाही, त्याच्या हाती कोणाचं घर, लग्न किंवा जीव द्यायचा नसतो.

पैशाचंही बोलायला हवं. खासगी सेशनला साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात. महिन्याला चार धरले तर शिपायाच्या, शिलाईकाम करणाऱ्या बाईच्या, शिकाऊ शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचं. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीतही बोलता येतं. ती प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी. पण रोजच्या दुःखाला एका फोनचा उपयोग मर्यादित असतो. पुढच्या आठवड्यात फोन केला तर दुसराच आवाज येऊ शकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. गोव्याच्या प्रयोगातून निदान एवढं शिकता येतं, की एकाच माणसाशी ठरवून झालेल्या सहा ते आठ भेटी फार मोठं काम करतात. टेलि-मानसने, ज्यांना गरज आहे त्यांना, तोच समुपदेशक सहा आठवडे द्यावा, ही मागणी अवाजवी नाही.

आणि दुसरी मागणी नोंदणीची. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांचा गट आहे, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक त्यात येतात, राज्य परिषदांची आणि नोंदवहीची तरतूद आहे. फिजिओथेरपिस्ट आणि लॅब टेक्निशियन यांच्या मागे हा गट रेंगाळू नये, यासाठी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या संस्थांनी आणि आपण वाचकांनीही लोकप्रतिनिधींना विचारत राहिलं पाहिजे. ब्रिटनमध्ये समुपदेशक या नावाला कायद्याचं संरक्षण नाही, तरी तिथल्या व्यावसायिक संघटनांनी स्वतःहून नोंदवह्या ठेवल्या, तक्रारी ऐकायची पद्धत घालून दिली आणि एका सार्वजनिक प्राधिकरणाकडून त्या नोंदवह्या तपासून घेतल्या. महाराष्ट्रातल्या समुपदेशकांना हे उद्यापासून सुरू करता येईल. ज्यांचं काम चोख आहे त्यांना यात गमावण्यासारखं काही नाही. ती नोंदवही मराठीत असावी, आणि गडहिंग्लजच्या किंवा किनवटच्या माणसाला पैसे भरण्याआधी मोबाइलवर समुपदेशकाचं नाव टाकून त्याचं शिक्षण, नोंदणी क्रमांक, तो कोणाच्या सुपरव्हिजनखाली काम करतो आणि त्याच्याविरुद्ध तक्रार झाली असेल तर तिचं काय झालं, हे वाचता यावं.